वस्तीचा मुकादम की प्रभागाची नगरसेविका?

प्रश्न विचारणारी तरुणी वास्कोची. आजोबा 1980 च्या सुमारास जत तालुक्यातून गोदीवर कामाला आले, आई बाजारात फळं विकते, हिचा जन्म इथलाच. 8 वर्षं वस्तीत रेशन कार्ड, शाळेचे प्रवेश, मतदारयादी ही कामं करते आहे. आता लोक म्हणतात, पालिकेला उभी राहा. एका पॅनेलकडून निरोपही आला आहे. ती विचारते: “जे घाटी म्हणून हिणवतात त्यांच्या दारात मत मागायला कोणत्या तोंडाने जाऊ? आणि यातून आयुष्यभराचं काही उभं राहतं का, की एका निवडणुकीपुरतं वापरून सोडून देतात?”

ताई, मी दक्षिण गोव्यातल्या एका पालिकेत 2 वेळा नगरसेविका होते. त्याआधी एकदा पडले. माझे वडील चंदगडकडून आले, मी तेव्हा पहिलीत होते. त्यामुळे तुमच्या प्रश्नातला प्रत्येक शब्द मला ओळखीचा आहे, आणि उत्तर लांबलं तरी पूर्ण वाचा.

आधी कायद्याचं उरकून टाकते, कारण अर्धी भीती त्यातच असते. पालिकेला उभं राहायला 21 वर्षं पूर्ण लागतात आणि पालिकेच्या मतदारयादीत नाव लागतं. 15 वर्षांच्या वास्तव्याचा जो दाखला मामलेदाराकडून आणावा लागतो तो सरकारी नोकरीसाठी, दयानंद सामाजिक सुरक्षा किंवा गृह आधारसारख्या योजनांसाठी. उमेदवारीसाठी नाही. कोणी तसं सांगून घाबरवत असेल तर घाबरू नका. मात्र पालिकेची एक रुपयाचीही थकबाकी ठेवू नका आणि घरातल्या कोणाचं पालिकेशी कंत्राट असेल तर आधी वकिलाला विचारा. छाननीच्या दिवशी हेच काढतात.

एक गोष्ट मात्र खरंच आड येते. तुमच्या घरी महाराष्ट्रातला अनुसूचित जातीचा दाखला असेल तर तो इथल्या राखीव प्रभागात चालत नाही. जात तीच असली, नाव दोन्ही राज्यांच्या यादीत असलं तरी नाही. गोव्यासाठीचा आदेश 1968 चा आहे आणि त्यानंतर दुसऱ्या राज्यातून आलेल्यांचा दर्जा मूळ राज्यापुरताच धरतात. सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्येच हे स्पष्ट केलं आहे. कर्नाटकातून आलेल्या लमाणी कुटुंबांचीही हीच अडचण आहे, तिकडे ते अनुसूचित जातीत, इकडच्या यादीत त्यांचं नावच नाही. हा अन्याय आहे असं मला वाटतं, पण प्रभाग निवडताना वाटण्याला किंमत नसते. सर्वसाधारण किंवा महिला प्रभाग बघा.

आता मूळ मुद्दा.

आपल्या लोकांना मुकादम माहीत आहे. ऊसतोडीला, रस्त्याच्या कामाला, बंदराच्या हमालीला माणसं आणतो तो. मालकाला तो माणसं पुरवतो आणि माणसांना काम. दोघांनाही तो लागतो, म्हणून दोघांकडून तो घेतो. वस्तीतल्या कार्यकर्त्याचं निवडणुकीत नेमकं हेच होतं. 5 वर्षं तुम्ही लोकांचे कागद करता, त्यांचा तुमच्यावर विश्वास बसतो, आणि मग कोणीतरी तुम्हाला विचारतं, “तुझ्याकडे किती मतं आहेत?” या प्रश्नाला ज्या दिवशी तुम्ही आकडा सांगितलात त्या दिवशी तुम्ही मुकादम झालात. मग तुमच्या वस्तीला नळ मिळेल की नाही हे तुम्ही किती डोकी मोजून दिलीत यावर ठरतं, आणि पुढच्या वेळी दुसरा कोणी जास्त डोकी मोजून देतो.

मी हे पहिल्या निवडणुकीत केलं. आकडा सांगितला. माझ्या वस्तीच्या जिवावर उभी राहिले, वस्तीबाहेरच्या एकाही घरात गेले नाही, कारण तिथे कोण काय म्हणेल याची धास्ती. 41 मतांनी पडले. त्या 41 मतांपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त लागली. निकालानंतर वस्तीतली शौचालयाची दुरुस्ती थांबली, कारण वस्ती “विरोधात गेली” होती. माझ्या उमेदवारीची किंमत बायकांनी पहाटे अंधारात डोंगर चढून मोजली.

दुसऱ्या वेळी जे वेगळं झालं ते एका विहिरीमुळे. आमची वस्ती उतारावर, आणि खाली जुनी गोवेकर घरं. त्यातल्या एका घरात एकट्या राहणाऱ्या ख्रिस्ती मांय होत्या. मी रेशनच्या कामाने खालून जात होते, त्यांनी अंगणातून हाक मारली. मला वाटलं, आता शिव्या. त्यांनी मला विहिरीपाशी नेलं, कळशी वर काढली आणि माझ्या हातात दिली. “बाये, बांयचें उदक घाणता.” विहिरीच्या पाण्याला घाण वास येतो, एवढंच बोलल्या. पाणी वरून निवळ दिसत होतं. नाकाजवळ नेलं तर मैल्याचा वास. 40 वर्षं त्या विहिरीवर घर चाललेलं, आणि आता वरच्या आमच्या 30 खोल्यांचं सोकपिट, म्हणजे सांडपाण्याचा शोषखड्डा, भरून झिरपत खाली त्यांच्या विहिरीत उतरत होतं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की “भायले (बाहेरचे) आले आणि गाव नासला” असं खालची माणसं म्हणतात त्यात द्वेष किती आणि त्या कळशीतलं पाणी किती, हे आपण कधी वेगळं करून बघतच नाही. मी पाण्याचा नमुना तपासायला दिला. अहवाल घेऊन आरोग्य अधिकाऱ्यांकडे, मग मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. अर्जावर पहिली सही मांयची, खाली वस्तीतल्या 28 घरांची. उपसा करणारा टँकर दर महिन्याला यायला लागला, वर्षभराने नवी टाकी झाली. वस्तीतले काही जण माझ्यावर चिडले, कारण तपासणीला माणसं आली की खोल्या मोजल्या जातील ही भीती. ती भीतीही खोटी नव्हती. जून 2004 मध्ये वास्कोच्या बायणा वस्तीवर बुलडोझर फिरला तेव्हा शेकडो कुटुंबांचं बिऱ्हाड ऐन पावसाच्या तोंडावर रस्त्यावर आलं, ते दृश्य आपल्या वस्त्यांमधलं कोणी विसरलेलं नाही. तरीही मी ते काम केलं आणि पुन्हा करीन. पुढच्या निवडणुकीत माझ्या अर्जावर सूचक म्हणून त्या मांयची सही होती.

म्हणून “कोणत्या तोंडाने जाऊ” याचं उत्तर: काम घेऊन जा, आणि जे काम त्यांचं आणि तुमचं एकच आहे ते आधी हातात घ्या. गटार, कचरा, भटकी कुत्री, रस्त्यावरचा दिवा, तुमच्या वास्कोत तर बंदरावरच्या कोळशाची धूळ. कोळशाची भुकटी गॅलरीतल्या कपड्यांवर बसताना कोणाचे आजोबा कुठून आले हे बघत नाही.

इथे एक जरा आडवळणाची गोष्ट सांगते, कारण मराठी बोलणाऱ्या कार्यकर्त्यांची इथेच मोठी चूक होते. आपल्याला वाटतं, गोव्यात मराठी आहेच: देवळात, भजनात, नाटकात, वर्तमानपत्रात. मग आपण परके कसे? पण 16 जानेवारी 1967 ला इथे जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं यावर. 1,72,191 लोकांनी वेगळं राहायला मत दिलं, 1,38,170 लोकांनी विलीनीकरणाला. फरक 34,021 चा. त्यानंतर 1987 मध्ये राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली, गोवा घटक राज्य झालं. ज्या पिढीने हे पाहिलं तिच्या घरात सीमेपलीकडून आलेली मराठी आणि पेडण्या-डिचोलीची मराठी एकच नसते. 2011 च्या जनगणनेत गोव्यात मातृभाषा मराठी सांगणारे सुमारे 11 टक्के, हिंदी 10 टक्के, कन्नड साडेचार टक्क्यांच्या वर. या आकड्यांकडे बघून आपल्याला बळ वाटतं, समोरच्याला धडकी भरते. प्रचारात असले आकडे कधी तोंडावर आणू नका. कोंकणी बोला. मोडकीतोडकी नको, व्यवस्थित. तुम्ही इथेच जन्मलात, म्हणजे येत असणारच. पण मी पाहिलंय, आपली मुलं बाजारात फर्डी कोंकणी बोलतात आणि व्यासपीठावर चढली की हिंदीत शिरतात.

2022 च्या विधानसभेत मूळ गोवेकरांच्या हक्काची भाषा बोलणाऱ्या रिव्होल्युशनरी गोअन्स पक्षाला सांत आंद्रेची एक जागा मिळाली आणि राज्यभर लक्षात येण्याजोगी मतं पडली. आपल्यातले बरेच जण त्यांचं नाव काढलं की कानावर हात ठेवतात. मी म्हणते, त्यांच्या सभेला जाऊन मागे उभं राहून ऐका. जमीन विकली जाते आहे, कोमुनिदादीचे, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीचे, डोंगर कापले जाताहेत, मुलांना परदेशी जावं लागतंय, हे सगळं खरं आहे. त्याचा दोष भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसावर टाकणं चूक आहे. पण दुखणं खरं आहे हे तुम्ही आधी मान्य केलंत तरच पुढचं ऐकून घेतात.

आणि गोवेकरांना स्थलांतर म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. आंतोनियो कॉश्ता 2007 पासून 2015 पर्यंत लिस्बनचे महापौर होते, मग पोर्तुगालचे पंतप्रधान झाले. त्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं. जानेवारी 2017 मध्ये ते मडगावच्या आपल्या घरी आले तेव्हा सगळ्या गोव्याला कौतुक. महापौर असताना त्यांनी 2011 मध्ये आपलं कार्यालय पालिकेच्या देखण्या इमारतीतून काढून इंतेन्देंतला नेलं. तो बदनाम झालेला, स्थलांतरितांचा भाग. महापौरच रोज तिथे येतो म्हटल्यावर त्या चौकाकडे शहराचं लक्ष गेलं. मी प्रत्येक कोपरा बैठकीत हे सांगायचे, टोमणा म्हणून नाही. ज्या मातीतल्या माणसाला परक्या शहराने आपला महापौर केलं, त्या मातीला माझी उमेदवारी समजेल, या विश्वासाने सांगायचे. बहुतेक ठिकाणी समजायची.

आता पॅनेलचं. गोव्यात पालिका निवडणुका कागदावर पक्षाविना असल्या तरी पॅनेल स्थानिक आमदाराचंच असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पॅनेल नको असं मी म्हणत नाही. प्रभागात हजार ते तीन हजार मतदार, निकाल 20-30 मतांवर लागतो, आणि एकट्या बाईला बूथवर बसायला माणसं मिळत नाहीत. मी दुसऱ्या वेळी पॅनेलमधूनच आले. पण जाण्याआधी 3 गोष्टी विचारा आणि तुमच्याबरोबर वस्तीबाहेरचे 2 साक्षीदार न्या. तुमचा प्रभाग कोणता, वस्ती असलेलाच की दुसराच, जिथे तुमच्या नावाचा उपयोग फक्त शेजारच्या प्रभागातली मतं ओढायला? पालिकेच्या बैठकीत प्रभागाच्या कामावर मत तुमचं की त्यांचं? आणि घरं नियमित करून देतो हे वचन तुमच्या तोंडी घालणार आहेत का?

या तिसऱ्यावर मी कधीच तडजोड केली नाही. पालिका घर क्रमांक देऊ शकते, घरपट्टी घेऊ शकते. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. जमीन कोमुनिदादीची, सरकारची किंवा खासगी असते आणि तिचा निर्णय नगरसेवकाच्या हातात नाही. हे लोकांना निवडणुकीआधी सांगा. मते कमी होतील. मी सांगितलं तेव्हा एका म्हाताऱ्याने भर सभेत विचारलं, “मग तू येऊन करणार काय?” मी म्हटलं, गटार बांधीन, दिवा लावीन, कचऱ्याची गाडी वरपर्यंत आणीन, आणि पाडायला आले तर नोटीस दिल्याशिवाय पाडू देणार नाही. त्याने मान हलवली, खूश झाला नाही. मत दिलं की नाही कोण जाणे. पण 5 वर्षांत मला त्याच्यापुढे खाली मान घालावी लागली नाही.

निवडून आल्यावर काय, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. राज्यघटनेत प्रभाग समित्या आहेत, पण त्या 3 लाखांवरच्या लोकसंख्येच्या शहरांना सक्तीच्या. गोव्यातलं एकही शहर त्या आकड्यापर्यंत जात नाही. म्हणजे प्रभागात तुम्ही आणि लोक, मध्ये काही नाही. रात्री 11 ला दार वाजतं. पाणी एका सरकारी खात्याचं, वीज दुसऱ्याची, पण शिवी तुम्हाला. पहिलं वर्ष मी प्रत्येकाला घेऊन त्या त्या कार्यालयात जायचे. दुसऱ्या वर्षी अक्कल आली: महिन्याच्या दुसऱ्या रविवारी शाळेच्या पडवीत बैठक, वहीत तक्रार, समोर अर्जाची तारीख, पुढच्या बैठकीत तीच वही मोठ्याने वाचायची. खालच्या घरांतले लोक तिसऱ्या बैठकीपासून यायला लागले. पालिकेत तोंडी काही मागू नका. विषय लेखी द्या, अजेंड्यावर घ्यायला लावा, ठरावाची प्रत मागा, आणि इतिवृत्तात तुमचं म्हणणं बरोबर लिहिलंय का ते पुढच्या बैठकीत वाचून घ्या. माझ्या शौचालयाच्या ठरावात “दुरुस्ती” च्या जागी “पाहणी” असं उतरलं होतं. एक शब्द, आणि एका पैशाची तरतूद झाली नसती.

तुमच्या आई फळं विकतात, म्हणून हे खास तुमच्यासाठी. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहरात विक्रेता समिती असायला हवी, तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले, त्यांत एक तृतीयांश बायका. तुमच्या पालिकेत ती कागदावर आहे की खरी बसते, हे आधी शोधा. पालिकेच्या निवडणुकीआधी तुम्ही किंवा तुमच्या ओळखीच्या बायका तिथे निवडून जाऊ शकता, आणि सभेत बसायची, टिपण वाचायची, विरोध नोंदवायची सवय तिथेच लागते. आमच्या बाजारात एक केळीवाली होती, अक्षरओळख नसलेली. रोजच्या सोपोची, म्हणजे बाजारात बसायच्या पट्टीची, पावती ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. 14 वर्षांच्या पावत्या, रबर लावून वर्षावर्षाच्या गड्ड्या. सर्वेक्षणाच्या वेळी इतरांकडे पुरावा मागितला तेव्हा सगळे गप्प, हिने डबा उघडून टेबलावर उपडा केला. साहेब बघतच राहिले. पहिल्या दिवशी तिचं नाव लागलं. आईला विचारा, त्या पावत्यांचं काय करतात.

आयुष्यभराचं यातून उभं राहतं का? मानधनावर घर चालत नाही, हे पक्कं. मी शिवणकाम कधी सोडलं नाही. आणि प्रभाग तुमच्या नावावर कोणी लिहून देत नाही: आरक्षण फिरतं, सीमा बदलतात. 2021 मध्ये मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे आणि सांगे या 5 पालिकांचं प्रभाग आरक्षण उच्च न्यायालयाने रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयाने मार्चमध्ये तो निकाल कायम केला आणि सरकारी सचिवाला राज्य निवडणूक आयुक्त नेमता येणार नाही असं बजावलं. त्या 5 पालिकांच्या निवडणुका त्यामुळे एप्रिलमध्ये झाल्या. ते आरक्षण गप्प बसून नाही सुटलं, कोणीतरी राजपत्र वाचून, महिला प्रभाग मोजून न्यायालयात गेलं म्हणून सुटलं. माझा प्रभाग दुसऱ्या टर्मनंतर माझ्या हातून गेला. मी शेजारच्या प्रभागात धावले नाही. माझ्या वहीवर बसणारी एक मुलगी, तीही आपल्याकडचीच, नंतर उभी राहिली. तिला मी काम शिकवलं आणि नवऱ्याला पालिकेच्या पायरीवर थांबायला शिकवलं. बाई निवडून येते आणि खुर्चीत नवरा बसतो, हे मला आजही सहन होत नाही.

शेवटी यादी. नोव्हेंबर 2025 मध्ये गोव्यात मतदारयादीचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं आणि घरोघर लोक 2002 च्या यादीत स्वतःचं किंवा आई-वडिलांचं नाव शोधायला लागले. ज्यांचे वडील तेव्हा गावाकडच्या यादीत होते त्यांनी जतहून, इंडीहून, गडहिंग्लजहून पानं मागवली. तुमच्या वस्तीत किती नावं राहिली आणि किती गळली हे तुम्हाला तोंडपाठ असायला हवं. गळलेल्यांचा नमुना 6 भरा. कोणी नमुना 7 देऊन नाव उडवायला सांगितलं असेल तर सुनावणीला त्या माणसाबरोबर स्वतः जा, एकट्याला पाठवू नका. दुसरीकडे नाव असलेल्याला इथे दुसरं नाव लावून देऊ नका, मग तो सख्खा भाऊ का असेना. एका खोट्या नावावरून अख्ख्या वस्तीला खोटं म्हणतात.

पॅनेलला लगेच हो-नाही सांगू नका, महिनाभर मागा. येत्या रविवारी प्रभागाच्या यादीची प्रत घ्या, एक वही घ्या, आणि घरं फिरायला लागा. वस्तीतली घरं तुम्हाला माहीतच आहेत, ती शेवटी. सुरुवात उताराखालच्या पहिल्या घरापासून करा, आणि मत मागू नका, विहिरीचं पाणी कसं आहे ते विचारा.